संशय कोणावर?

जानेवारी २००९ मध्ये आमच्या हैदराबादेत ‘सत्यम’ कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबांतील हजारो कोटींच्या खोटेपणाची कबुली दिली. त्याच महिन्यात ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. त्यातील झोपडपट्टीतला जमाल प्रश्नमंजूषेत खरी उत्तरे देतो, म्हणून पोलीस त्याला लबाड ठरवून छळतात. इकडे खोट्या ताळेबंदांवर वर्षानुवर्षे लेखापरीक्षकांच्या सह्या होत राहिल्या. गरिबाच्या सत्याला पुरावा लागतो, श्रीमंताच्या असत्याला शिक्का पुरतो. आम्हीही सरकारी सेवेत असताना फाटक्या सदऱ्याकडे दाखल्यावर दाखला मागितला. सुटाबुटातल्याला मात्र आधी खुर्ची दिली. राजूंना २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरविले. आमच्या त्या खुर्चीचा निवाडा मात्र आम्हांलाच करावयाचा आहे.