टेकडी सगळ्यांची, तेल कुणाचे?

अमेरिकेत, टेक्सासमधल्या ब्यूमाँट गावाच्या दक्षिणेला एक टेकडी होती. टेकडी म्हणायचे ते कौतुकाने, कारण तिची उंची जेमतेम पंधरा फूट होती. तिला स्पिंडलटॉप म्हणत. तिथे गंधकाचा वास यायचा, डबक्यांत बुडबुडे फुटायचे. पॅटिलो हिगिन्स नावाचा, एक हात गमावलेला गृहस्थ गावभर सांगत फिरे, की हिच्या पोटात तेल आहे. त्याचे भूगर्भशास्त्र घरी पुस्तके वाचून शिकलेले, त्यामुळे जाणकारांनी त्याला वेड्यात काढले. 1892 मध्ये त्याने कंपनी काढली. तेल लागेना, तेव्हा भागीदारांशीही त्याचे फाटले.

त्या काळी तेल म्हणजे रशियाचे बाकू. 1901 साली जगातले निम्म्याहून अधिक खनिज तेल रशियात निघत होते. अमेरिका दुसऱ्या नंबरावर होती.

शेवटी टेकडीवर भोक पाडले ते अँथनी लुकस या इंजिनिअरच्या माणसांनी. 10 जानेवारी 1901 रोजी त्या भोकातून आधी चिखल उसळला, मग लोखंडी पाइप हवेत उडाले आणि पाठोपाठ तेल आले, शंभर फुटांहून उंच. दिवसाला अंदाजे एक लाख पिंपे! ते कारंजे आवरायला नऊ दिवस लागले.

आता शहाणपणाची गोष्ट एवढीच होती, की खाली साठा एकच होता. तेल वर फेकणारा वायूचा दाबही एकच, सगळ्यांचा सामाईक. पण कायदा वेगळे सांगत होता: तुझ्या जमिनीतल्या विहिरीतून जे निघेल ते तुझे, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून वाहत आलेले का असेना. म्हणजे थांबेल तो बुडेल. वर्षभरात त्या इवल्याशा टेकडीवर दोनशेहून अधिक विहिरी झाल्या. मनोरे एकमेकांना इतके खेटून, की एकावरून दुसऱ्यावर पाऊल टाकावे. प्रत्येक भोकातून दाब निसटत होता, हे कुणाला कळत नव्हते असे नाही. पण जो आधी थांबेल त्याचे तेल शेजारी नेणार, आणि शेजाऱ्याचेही गणित हेच.

तेल इतके झाले, की भाव पिंपाला 3 सेंटपर्यंत उतरला. गावात प्यायच्या पाण्याचा पेला 5 सेंटला मिळे, असे सांगतात. पिंप म्हणजे जवळजवळ 159 लिटर.

1902 मध्ये टेकडीने 1 कोटी 75 लाख पिंपे दिली, अमेरिकेच्या सगळ्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याच वर्षी अमेरिकेने रशियाला मागे टाकले. पण 1904 च्या सुरुवातीला टेकडी दिवसाला दहा हजार पिंपांवर आली. लुकसच्या एका विहिरीने पहिल्या दिवसांत रोज दिले, त्याचा हा दहावा भाग. लुकस तेव्हा टेकडी बघायला आला आणि म्हणाला, की गाय फार पिळली, आणि अक्कल न वापरता पिळली.

लंडनच्या शेल कंपनीने या टेकडीच्या भरवशावर वीस वर्षांचा तेलखरेदीचा करार केला होता. तेल येईना, तेव्हा टेक्साससाठी ठेवलेल्या टँकर बोटींत फेरफार करून त्यांतून टेक्सासची गुरे लंडनला नेण्यात आली. हे मी रचलेले नाही.

मेक्सिकोने हाच धडा आणखी मोठ्या पाटीवर गिरवला. आखाताच्या काठच्या ‘सोनेरी पट्ट्या’तल्या विहिरींच्या जोरावर 1921 मध्ये त्याने 19 कोटींवर पिंपे काढली, जगाच्या उत्पादनाचा चौथा भाग. तिथेही परदेशी कंपन्यांची चढाओढ होतीच. मग तेलाच्या जागी खारे पाणी चढू लागले. उत्पादन कोसळले आणि दशक संपायच्या आत व्हेनेझुएला मेक्सिकोच्या पुढे निघून गेला.

आणि टेक्सास? 1930 मध्ये पूर्व टेक्सासात स्पिंडलटॉपहून मोठे क्षेत्र लागले आणि पुन्हा तीच झुंबड उडाली. पुन्हा भाव सेंटांत मोजायची वेळ आली. या वेळी तेलमालकांना थांबा म्हणून सांगून भागले नाही. ऑगस्ट 1931 मध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांना विहिरी बंद करायला सैनिक पाठवावे लागले. स्टर्लिंग स्वतः एका बड्या तेल कंपनीचे संस्थापक होते.