वेठ आणि सेवा

गेल्या चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत डहाणूकडे एका माळकरी गृहस्थांच्या घरी कीर्तनसेवेचा योग आला. जेवणे आटोपल्यावर गृहस्थांनी मला एकीकडे घेतले. म्हणाले, "बुवा, आमच्या चिरंजीवांना दोन शब्द सांगा. पदवी झाली, पण नोकरीचे नाव नाही. तलासरीच्या पाड्यापाड्यांवर वनहक्काचे अर्ज भरीत हिंडतो. लाल बावटेवाल्यांत ऊठबस. परवा तर एकादशीलाही घरी नव्हता." मी 'बरे' म्हटले. यजमानांचे अन्न पोटात, 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणावे? पण रात्री डोळ्याला डोळा लागेना.

कारण जुनी गोष्ट आठवली. चाळीस वर्षे झाली असतील. पाठशाळेतून व्याकरण आणि वेदान्त घोकून मी नुकताच वीणेपुढे उभा राहू लागलो होतो. याच मुलखात एका बागाइतदाराकडे सप्ताह होता. मी तुकोबारायांचे चरित्र लावले. दुष्काळ सरल्यावर महाराजांनी वडिलार्जित सावकारीची खते धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात सोडली, हा प्रसंग असा रंगला की मंडप डोलू लागला. मांडवाच्या कडेला वारली गडीमाणसे बसली होती. आरतीनंतर त्यांतला एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "महाराज, त्या वाण्याने कागद बुडवले. आमच्या बापाचे कागद मात्र कोणी बुडवले नाहीत. बाप मेला, तरी कागद जिताच होता." मी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळलो. उत्तर द्यायला विद्या पुरली नाही, हे आज कबूल करतो.

तो म्हातारा काय बोलत होता, ते पुष्कळ पुढे समजले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक हाती आले. १९७० साली ते निघाले आणि १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यात लग्नगड्याची हकीकत आहे. लग्नासाठी शेपन्नास रुपये कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबायचे. आयुष्य सरे, पण कर्ज सरत नसे. ज्या दिवशी संसार मांडला त्याच दिवशी गहाण पडला! शिवाय वेठ होतीच. बोलावणे आले की आपले शेत पावसात तसेच टाकून मालकाच्या शेतावर जायचे.

हा 'वेठ' शब्द आपल्या संस्कृतातल्या 'विष्टि'चा. जुन्या राजांच्या ताम्रपटांत तो सापडतो. लहानपणी मी शब्दाचे रूप पाठ केले, पण विष्टि म्हणजे कोणाची तरी पाठ, हे गुरुजींनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातून थोडे वारली तिथे गेले होते. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य या मुलखात आले. बाई पुण्याच्या, वकिलीची परीक्षा झालेल्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारल्यांची सभा भरली. ठरले काय? वेठ करायची नाही आणि बारा आणे रोजाखेरीज कोणाच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. एवढेच. हा निरोप कोणी नेला? तार नाही, मोटार नाही. पाड्यावरची तरणी पोरे अनवाणी रानातून गेली आणि त्यांनी घरोघर जाऊन लग्नगड्यांना 'चला, तुम्ही सुटलात' म्हणून सांगितले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसे गेली, त्यांत जेठ्या गांगड होता.

आता कोणी म्हणेल, बुवा, ती मंडळी देव मानीत नाहीत. खरे आहे. त्यांचे सगळेच मला पटते असेही नाही. भाषणांत रागाची फोडणी मला जास्त वाटते. पण भागवताच्या तृतीय स्कंधात कपिलमुनी आपल्या आईला काय सांगतात? प्राणिमात्रात वसणाऱ्या मला सोडून जो नुसती मूर्ती पुजतो, तो भस्मात आहुती टाकतो. हे मातेला सांगितलेले आहे, तेव्हा गोड करून सांगितले असणार! आणि २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले, ते आठवा. सहा दिवसांत मुंबई गाठली. पायांतून रक्त येत होते. शेवटची मजल त्यांनी रात्रीच चालून संपवली. का, तर सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर होता. दिंडीत चाललेल्या माणसाला याहून निराळे काय सांगावे?

असो. सकाळी उठून मी त्या मुलाला म्हटले, "मलाही पाड्यावर ने." त्याला वाटले, बुवा उपदेशाला आड जागा शोधताहेत. खरे म्हणजे तसाच बेत होता.

पाड्यावर एका शेजाऱ्याच्या दाव्यासाठी म्हातारीचा जबाब चालला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो. कागद नसेल तर जाणत्या माणसाने सांगितलेले लिहून घेतले तरी तोही पुरावा धरतात. मुलगा लिहीत होता, वाचून दाखवीत होता. म्हातारी मध्येच थांबवून म्हणाली, "आंबा नाही रे, मोह. बांधावर मोह आहे. खोटं नको लिहू." त्याने ओळ खोडली, कागद खराब दिसतो म्हणून नवा घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा लिहिले. घाई नाही, त्रागा नाही. अंगठ्याची वेळ आली तेव्हा शाईची पेटी माझ्या हातात होती. म्हातारीने अंगठा बुडवला आणि मला विचारले, "तुम्हाला वाचता येतं ना? मोहच लिहिलंय ना?"

मी वाचले. मोहच होते.

संध्याकाळी गृहस्थांनी विचारले, "सांगितलेत का त्याला?" मी म्हटले, "वेळ झाला नाही. त्याने मलाही तीन अर्जांच्या नकला करायला बसवले." ते काही बोलले नाहीत. अजून माझ्यावर रुष्ट आहेत, असे ऐकतो.