पाच बिअर आणि एक बांबर्गकर

मागच्या जानेवारीत आमच्या म्युनिकच्या ऑफिसातला एक सहकारी तीन आठवड्यांसाठी इकडे कॅलिफोर्नियात आला होता. मूळचा बांबर्गचा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात बांबर्गकर म्हणायचो. पहिल्याच दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की अमेरिकन बिअर म्हणजे बिअरचा ग्लास विसळलेलं पाणी. टेबलावरचे दोन्ही अमेरिकन खुशाल हसले. राग आला तो मला. कोल्हापुरात वाढलेल्या, एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या मला! मी म्हणालो, "शनिवारी घरी ये. आमच्या बिअर पाजतो तुला."

'आमच्या' हा शब्द बोलून गेल्यावर मलाच खटकला. या देशात मला मत नाही, घर भाड्याचं, आणि आईला 'कधीतरी एखादी' एवढंच माहीत. पण सहा वर्षांत इथलं जे काही मी स्वतःहून, कुणी न शिकवता आपलंसं केलं, त्यात ही बिअर येते. तिला कुणी पाणी म्हटलं की माझ्याच निवडीला पाणी म्हटल्यासारखं वाटतं.

बांबर्गकर पूर्ण चुकत होता असंही नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्यात बहुतेक ब्रूअरी मेल्या, उरलेल्यांना नंतर मोठ्यांनी गिळलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीला अख्ख्या देशात शंभरच्या आतच ब्रूअरी उरल्या होत्या आणि जवळपास सगळ्या एकच फिकी, थंडगार लागर विकत होत्या. गंमत म्हणजे ती लागर ज्यांनी घडवली तीही जर्मन माणसंच. बुश, पाब्स्ट, मिलर, कूर्स, सगळे तिकडून आलेले. इथल्या जवात प्रथिनं जास्त, त्यामुळे बिअर गढूळ व्हायची. मग त्यांनी तांदूळ आणि मका घालून ती स्वच्छ आणि हलकी केली. हे ऐकवल्यावर बांबर्गकर म्हणाला, "म्हणूनच आम्ही त्यांना जाऊ दिलं."

पुढची गोष्ट त्याला माहीत नव्हती. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरी बिअर बनवणं पुन्हा कायदेशीर झालं. गॅरेजमध्ये बादल्या घेऊन बसणाऱ्या लोकांच्या पिढीतून आज देशभर नऊ हजारांहून जास्त ब्रूअरी उभ्या आहेत. त्यातून मला पाच बिअर निवडायच्या होत्या.

अर्थातच मी स्प्रेडशीट काढली. (आम्हाला दुसरं येतं काय?) कॅनच्या बुडावरची तारीख हा पहिला कॉलम, कारण हॉप्सचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं बाहेर ठेवायची, कारण फार गार असली की जीभ आणि नाक दोन्ही बधिर. कॅनमधून नाही, ग्लासातून. हलकी आधी, कडू नंतर. एवढ्यावर माझं मन स्वच्छ होतं. शिळी बिअर पाजून बिअरबद्दल मत मागणं म्हणजे तुटलेल्या नेटवर्कवर ॲपचा डेमो देणं. अडथळे काढण्यात लबाडी नाही.

खरी अडचण पुढच्या कॉलममध्ये होती: 'त्याला आवडण्याची शक्यता'. तिथे मी पहिल्या क्रमांकावर 'पिवो' टाकली. ही फायरस्टोन वॉकरची पिल्सनर. हॉप्स जर्मन, पद्धत जवळपास जर्मन, कडवटपणा नेमका तिकडच्यासारखा. हे भरताना मला नीट माहीत होतं की मी काय करतोय. प्रत्येक इंजिनिअरला माहीत असतं. चाचणीसाठी डेटा असा निवडायचा की उत्तर बरोबरच येईल, आणि मग बॉससमोर टाळ्या घ्यायच्या. एखाद्याचं मत बदलावं म्हणून आपण त्याच्यासमोर काही निवडून ठेवतो, तेव्हा आपण त्याला दाखवत असतो की गुंडाळत असतो?

शनिवारी तो आला. पिवोचा घोट घेऊन थांबला, ग्लास दिव्याकडे धरला आणि म्हणाला, "चांगली आहे. घरची आठवण आली."

मी जिंकलो होतो. आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

कारण हे मी आधी एकदा केलं होतं. पहिल्या नोकरीत इथल्या मॅनेजरला जेवायला बोलावलं होतं आणि मिसळ केली होती. कोल्हापुरात कट वेगळा देतात, ज्याला जेवढा झेपेल तेवढा त्याने घ्यावा. मी त्या दिवशी कट टेबलावर आणलाच नाही. मटकीची उसळ, वर फरसाण, वर भरपूर दही. तो 'अमेझिंग' म्हणाला, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. आणि मला कळेना की त्याला नक्की काय आवडलं. मिसळ तर त्याने खाल्लीच नव्हती. त्याने मला नाही म्हणू नये अशी व्यवस्था मी केली होती, आणि त्याच्या होकाराची किंमतही तेवढीच होती.

कांटने १७९० मध्ये यावर एक सोपी वाटणारी गोष्ट लिहून ठेवली आहे. कॅनरी बेटांची वाइन 'छान आहे' असं कुणी म्हटलं, तर त्याला खुशाल दुरुस्त करावं, की 'मला छान वाटते' असं म्हण. चवीत वाद नाही, सौंदर्याचा वाद वेगळा. मला हे कधी पटलं नाही. ज्याची त्याची चव असं असतं तर मला त्या दिवशी राग का यावा? आणि पिवोनंतर पोकळ का वाटावं? मला बांबर्गकराच्या जिभेची सुखरूपता नको होती. त्याने काहीतरी ओळखावं असं मला वाटत होतं.

ह्यूम मला जवळचा वाटतो. चवीच्या निकषावरच्या १७५७ च्या निबंधात तो डॉन किहोटेमधली एक गोष्ट सांगतो. सांचोच्या दोन नातेवाइकांना वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम, पण चामड्याची किंचित चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी निघते चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली. यातून ह्यूम बारीक चव कळणाऱ्यांची बाजू मांडतो. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. त्या दोघांनी जे लागलं तेच सांगितलं, आणि किल्ली निघेपर्यंत हसू सहन केलं.

दुसरी बिअर होती सिएरा नेवाडा पेल एल, चिकोची, १९८० पासूनची. क्राफ्ट बिअरची आख्खी गोष्ट या बाटलीत आहे असं मी मानतो. तिच्यातलं 'कॅस्केड' हे हॉप ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून पैदा केलेलं, १९७२ मध्ये शेतकऱ्यांना दिलेलं. युरोपातल्या जुन्या हॉप्सना गवताचा, मसाल्याचा, फुलांचा वास असतो. कॅस्केडला लिंबूवर्गी फळाचा.

बांबर्गकराने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साबण."

"ग्रेपफ्रूट," मी म्हणालो.

"तुला ग्रेपफ्रूटच लागतं? की इथल्या मेनूकार्डावर तसं लिहितात म्हणून?"

माझी चोरी पकडली गेली. ग्रेपफ्रूट मी अमेरिकेत येईपर्यंत पाहिलंही नव्हतं. ही बिअर पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला आठवलं होतं ते आजोळच्या, देवगडजवळच्या घरामागचं पपनस. आजी साल काढायची तेव्हा बोटांना लागायचा तो वास, कडवट आणि गोड. पण सोबतचे लोक ग्रेपफ्रूट म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो, आणि सहा वर्षं म्हणत राहिलो. चामडं लागलेल्या माणसाने शेजाऱ्याचं ऐकून लोखंड म्हणावं, तसं. याला 'माझी निवड' म्हणायचं, आणि वर तिच्यासाठी भांडायचं!

मी त्याला पपनसाचं सांगितलं. वर्णन काही जमलं नाही.

मग तो बांबर्गबद्दल बोलायला लागला. तिथे माल्ट बीचच्या लाकडावर वाळवतात, त्यामुळे बिअरला धुराचा वास. परक्या माणसाला पहिल्या घोटाला ती भाजलेल्या मांसासारखी लागते.

"मग पाहुण्याला आधी काय देता?"

"तीच."

"नाही आवडली तर?"

"दुसरी देतो. तिसरीपर्यंत कळायला लागते."

"तिसरीलाही नाही आवडली तर?"

"मग स्टेशन दाखवतो."

बाकीच्या तीन बिअर पटकन सांगतो. मेनच्या अलागाशची व्हाइट त्याला 'बेल्जियमची नक्कल, पण सभ्य' वाटली. जूनोची अलास्कन स्मोक्ड पोर्टर आली तेव्हा तो गप्प झाला आणि दोनदा हुंगली. आल्डर लाकडाचा धूर वेगळा आहे म्हणाला, वाईट म्हणाला नाही. हीसुद्धा मी त्याचं गाव डोळ्यांसमोर ठेवूनच निवडली होती, पण हिच्याबद्दल मला लाज वाटली नाही. ती त्याच्यासारखी बोलत होती, त्याचीच नक्कल करत नव्हती. शेवटची रशियन रिव्हरची प्लायनी द एल्डर, आठ टक्के, कडूजहर, माझी सगळ्यात लाडकी. त्याने दोन घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला. मी त्याला थोपवलं नाही, 'अजून एक घोट घे' म्हणालो नाही. अवघड गेलं.

तो परत जायच्या आदल्या आठवड्यात मला चायनीज दुकानात पोमेलोचे ढीग दिसले. त्यांचं नवीन वर्ष जवळ आलेलं. पोमेलो म्हणजे पपनसच. मी एक घेतलं आणि संध्याकाळी ऑफिसनंतर त्याला परत घरी आणलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून साल काढली. त्याने तुकडा बोटांत दाबला, हुंगला, मग पेल एलचा ग्लास नाकाशी नेला. पुन्हा साल. पुन्हा ग्लास. एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला.

"आहे," तो म्हणाला. "हेच आहे. साबण नाही."

मी वाट पाहत राहिलो.

"पण मला आवडत नाही."

त्याने चार फोडी खाल्ल्या, मला फळाचं मराठी नाव पुन्हा विचारून फोनमध्ये लिहून घेतलं. उरलेली बिअर मी प्यायलो.