मुरघासाचा वास

भूमकडे नात्यातल्या घरी मुक्काम होता. पहाटे गोठ्यात गेलो तेव्हा वहिनी टनाच्या बॅगेचं तोंड सोडत होत्या. मूठभर मुरघास काढून त्यांनी आधी नाकाशी धरला. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस-गोड. "मुरलाय चांगला, भावजी," म्हणाल्या. कडेचा एक लगदा मात्र त्यांनी वास न घेताच उकिरड्यावर फेकला. उंदरानं तिथं भोक पाडलं होतं, हवा शिरली आणि बुरशी धरली.

मका चिकात आला की कापायचा, कुट्टी करायची, तुडवून तुडवून हवा काढायची आणि दीड-दोन महिने हात लावायचा नाही. आत लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू मक्यातली साखर खातात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि कुजवणाऱ्यांचं काही चालत नाही. खव्याच्या या मुलखात उन्हाळ्यातलं दूध पुष्कळदा या आंबटपणावरच निघतं.

काही मुरघास तोंड उघडल्यावरही लवकर तापत नाही, त्याला बुरशीही लवकर धरत नाही. असं का, हे शोधताना नेदरलँड्समधल्या संशोधकांना मक्याच्याच मुरघासात एक अनोळखी जीवाणू सापडला. बुकनेरी नावाचा ओळखीचा जीवाणू लॅक्टिक आम्लापासून ॲसिटिक आम्ल आणि प्रोपेनडायॉल करतो. हा नवा ते डायॉल खातो आणि प्रोपिऑनिक आम्ल सोडतो. ते बुरशीला सोसत नाही. 2002 साली त्याचं बारसं झालं : लॅक्टोबॅसिलस डायोलिव्होरान्स, म्हणजे डायॉल खाणारा.

असं बारसं सोपं नसतं. जवळच्या भाऊबंदांशी जनुकं ताडून पाहतात. आता तर पूर्ण जनुकसंच जुळवतात आणि साम्य साधारण 95-96 टक्क्यांच्या खाली असलं तरच जात वेगळी धरतात. शिवाय जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्यात असा मोठा संग्रह आहे. एवढं होऊनही 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलसचं मोठं खटलं फुटलं, पंचवीस कुळं झाली आणि डायोलिव्होरान्स लेंटिलॅक्टोबॅसिलसच्या घरात गेला. आम्हाला याचं नवल नाही. 2023 साली भूमचा जिल्हा कागदोपत्री धाराशिव झाला, तरी ट्रंकेतल्या पासबुकावर उस्मानाबादच आहे.

वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांनी पाटी भरता भरता ऐकून घेतलं.

"मग त्यो आपल्या बॅगंत हाय का?"

वासावरून ते कळत नाही, म्हणालो. नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागेल.

"वासावरून एवढंच कळतंय, की म्हशी खात्यात," त्या म्हणाल्या. मग बॅगेवर दोन्ही हातांनी रेलून त्यांनी आतली हवा दाबून काढली, तोंड पिळलं आणि सुतळी आवळताना मला म्हणाल्या, "भावजी, हितं बोट धरा."