नाव कोणाचे घेतलेस?

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरू लागली की मला आमच्या गावातले एक ताट आठवते. पारनेर तालुक्यातले आमचे गाव. माळरान, कुसळे, आणि पाऊस झाला तर बाजरी. आमच्यापासून चौथ्या घरात एक म्हातारी एकटी राहत असे. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. सारा गाव तिला मावशी म्हणे. तिच्याकडूनही दिवाळीचे ताट येई. दोन करंज्या, मूठभर चिवडा, एखादा गुळाचा लाडू. माझी आजी ते ताट दोन्ही हातांनी घेई, "कशाला गं एवढं केलंस?" म्हणे, रिकामे ताट परत पाठवू नये म्हणून त्यात आपले चार अनारसे घाली, आणि मावशीची पाठ वळली की त्या करंज्या नेऊन गोठ्यात म्हशीपुढे ठेवी. आम्ही मुले ते पाहत असू. कोणी काही विचारत नसे. मावशीची करंजी म्हशीला चालते आणि आपल्याला चालत नाही, हे आम्हांला कोणी न सांगता समजलेले होते.

आजी वाईट होती असे वाचकांनी समजू नये. उन्हातून आलेल्या कोणालाही ती गूळ-पाणी दिल्यावाचून जाऊ देत नसे. मावशीच्या घरी कधी विस्तव नसला तर आमच्याच चुलीतला निखारा जाई. वैर असे काही नव्हतेच. फक्त तिच्या हातचे खायचे नाही, इतकेच.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते करून सांगता येत नाही. तांबड्या मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. गावातली बायामाणसे खडी फोडायला जात. आमची म्हैस त्या वर्षी मेली. शेजारच्या घरातले तान्हे मूल जुलाबांनी गेले. लागोपाठ दोन-तीन घरांत असे काही झाले, आणि मग मला ताप भरला. तो उतरेना, तेव्हा आजी मला देवऋष्याकडे घेऊन गेली. त्याने सुपात तांदूळ पसरले, बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, "बाहेरचं काय खाल्लंस का रं? कुणी दिलं?"

मी मान हलवली. खडीच्या कामावर, दुपारच्या उन्हात, मावशीने मला पदराच्या गाठीतले गूळ-शेंगदाणे दिले होते. मी ते खाल्ले होते. म्हशीपुढे ठेवायला म्हैस राहिली नव्हती, आणि मला भूक लागली होती.

"नाव घे," देवऋषी म्हणाला. मी नाव घेतले.

या घटनेला पन्नासांहून अधिक वर्षे झाली आणि मी अजून तिच्याशी वाद घालतो आहे. मी खोटे बोललो नाही. तिने दिले होते, मी खाल्ले होते. विचारलेल्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर अक्षरन् अक्षर खरे होते. आणि तरी त्या उत्तराने एका माणसाचे गाव सुटले. खऱ्या उत्तराने असा अन्याय होत असेल, तर पाप कोठे असते? उत्तरात, की प्रश्नात? आणि प्रश्नात असेल, तर उत्तर देणारा सुटला का?

मावशीला कोणी मारले नाही. तिची धिंड काढली नाही. पंच बसले नाहीत की ठराव झाला नाही. ती पाण्यावर आली की बाकीच्या बायका आपली भांडी उचलून जरा लांब उभ्या राहत. निखारा मागायला आली की आमची चूल नेमकी विझलेली असे. मुलांना तिच्या दारावरून जाऊ देत नसत. तीन-चार महिन्यांनी एक दिवस तिच्या दाराला कुलूप दिसले. श्रीगोंद्याकडे भाचीकडे गेली म्हणून कळले. माझा ताप त्याआधीच, तापाच्या रीतीप्रमाणे, आपोआप उतरला होता. पुढच्या मृगात पाऊसही झाला. गावाला आणखी काय पुरावा हवा होता?

पुढे मी शिकायला नगरला आलो. आता त्याचे अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या जिभेला जुने वळण आहे, ते सुटत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकन मराठी मिशनचा जुना इतिहास चाळताना सेलम या गावाचे नाव प्रथम वाचले. या मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि १८३१ साली ते नगरला आले. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा याच मिशनची. ती शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. या मिशनचे आद्य पाद्री गॉर्डन हॉल आणि त्यांचे चार सोबती यांना दीक्षा मिळाली ती ६ फेब्रुवारी १८१२ रोजी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावच्या चर्चमध्ये. आणि हे सेलम म्हणजे तेच, जेथे त्याआधी एकशेवीस वर्षे चेटकिणी म्हणून माणसे फासावर चढवली होती. आमच्या नगरला पाटी-पेन्सिल ज्या वाटेने आली, तिच्या उगमाशी फास टांगलेला होता, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो.

सेलमची हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. १६९२ च्या आरंभी सेलम खेड्याचे पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातली दोन मुले, नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची, विचित्र झटके येऊन ओरडू-वाकडी होऊ लागली. वैद्य आले, प्रार्थना झाल्या. मग मोठ्यांनी विचारले, "तुम्हांला कोण छळते?" मुलींनी नावे घेतली. पहिली तीन नावे कोणाची, तर पाद्रीबाबांच्या घरची गुलाम टिटुबा, दारोदार मागून खाणारी सारा गुड, आणि आजारी, चर्चला न जाणारी सारा ऑसबर्न. तिन्ही नावे अशी की घेताना कोणाला जड जाऊ नये. पुढे मात्र नावे वाढत गेली. दीडशेहून अधिक लोक तुरुंगात गेले. एकोणीस जणांना फाशी झाली. त्यांत चौदा बाया होत्या. ऐंशीच्या घरातल्या एका शेतकऱ्याने न्यायालयापुढे उत्तर द्यायचेच नाकारले, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारले.

हे लोक रानटी नव्हते. बायबल वाचता यावे म्हणून मुलांना अक्षरओळख करून देणारा, शाळा काढण्याचे कायदे करणारा तो समाज होता. मुख्य न्यायाधीश हार्वर्डमध्ये शिकलेला. गावाला त्रासही खरे होते: सरहद्दीवर मूळ रहिवाशांशी युद्ध, देवीची साथ, जमिनीचे तंटे. पाद्रीबाबांना सरपण कोणी पुरवायचे यावरूनही गावात दोन तट होते. (सरपणावरून सुरू झालेले भांडण कोठवर जाते, हे ज्यांनी गावकी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.)

मला सर्वांत बोचले ते रिबेका नर्सचे प्रकरण. एकाहत्तर वर्षांची, सज्जन म्हणून नावाजलेली म्हातारी. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवले होते. त्यावर मुलींनी आरडाओरडा केला, न्यायाधीशांनी पंचांना पुन्हा विचार करायला सांगितले, आणि पंचांच्या प्रमुखाने तिला तिच्याच एका वाक्याचा अर्थ विचारला. ती उत्तरली नाही. तिला ऐकू कमी येत होते, हे तिने मागाहून सांगितले. तोवर दोषी हा निकाल झाला होता. १९ जुलैला तिला फाशी दिली. माझ्या होकाराला अर्थ चिकटला तसा तिच्या गप्प राहण्याला चिकटला. प्रश्न विचारणाऱ्याने अर्थ आधीच ठरवलेला असला की उत्तर द्या, नका देऊ, हिशेब तोच निघतो.

त्याहून भयंकर गोष्ट ही की "मी चेटकीण आहे" असे कबूल करून जे त्या कबुलीवर ठाम राहिले, त्यांना त्या वर्षी फाशी झाली नाही. कबुली द्यायची म्हणजे आणखी चार जणांची नावे घ्यायची. मेले ते नाकारणारे. देवाच्या नावाने चाललेल्या त्या न्यायालयात जगायचे असेल तर खोटे बोलणे भाग होते, आणि खोटे बोलले तर नरक मिळेल हे सर्वांना बालपणापासून शिकवलेले होते. एकोणीस जण फासावर गेले ते खोटे न बोलल्यामुळे. त्यांच्यापुढे माझे खरे उत्तर मी कोणत्या तोंडाने ठेवू?

आपल्याकडे फास नव्हता, एवढ्यावर समाधान मानायचे कारण नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या हकीकती आहेत. मराठवाड्यात भानामती, आणि करणी तर कोठेही. डॉ. नरेंद्र दाभोळकरांनी या गोष्टींना आळा घालणारा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. करणी केली, जादूटोणा केला असे म्हणून एखाद्याचे जगणे कठीण करणे, त्याला मारहाण करणे हा आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा वेगळा कायदा २०१६ साली विधिमंडळाने संमत केला. हे सारे हवेच होते, आणि फार उशिरा आले. पण आमच्या आजीच्या विझलेल्या चुलीवर कोणते कलम लावणार? नऊ वर्षांच्या पोराच्या होकारावर कोणते?

नेवासे आमच्याच जिल्ह्यातले. पैसाचा खांब तेथे आहे. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना समाजाने बाहेर ठेवले, त्या भावंडांपैकी एकाने शके १२१२ मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सांगून पुरी केली, आणि शेवटी जे मागणे मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या ठायीचा वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. लहानपणापासून आम्ही ते तोंडपाठ म्हणत आलो. आजीही रोज म्हणे. मी मात्र फार उशिरा विचारले, की ज्याच्यातला वाकडेपणा जायचा तो दुष्ट कोण? मावशी नव्हे, हे कळायला वेळ लागला नाही. देवऋषी, असे मी बरीच वर्षे म्हणत होतो. ते सोपे होते. पुन्हा एक नाव घेतले की काम झाले.

सेलमच्या लोकांना पश्चात्ताप झाला, हे सांगायला हवे. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सीवॉल याने १६९७ च्या जानेवारीत बोस्टनच्या चर्चमध्ये आपली कबुली लिहून पाद्र्याच्या हाती दिली, आणि ती वाचली जात असता सर्वांसमोर उभा राहिला. दोष आणि लाज त्याने आपल्याकडे घेतली. नावे घेणाऱ्या मुलींपैकी अ‍ॅन पुटनम तेव्हा बारा वर्षांची होती. तिनेही १७०६ साली चर्चमध्ये उभे राहून क्षमा मागितली. रिबेका नर्सचे नाव घेऊन मागितली. पण ती म्हणाली की मी लहान होते, सैतानाने मला भुलवले. मला तिचा राग येत नाही. बारा वर्षांच्या पोरीला मोठ्यांनी विचारले आणि तिने सांगितले. घरचे मोठे लोक कोणाचे नाव ऐकायला टपले आहेत, हे मुलांना फार लवकर कळते. तरीही तिची क्षमायाचना वाचली की मी अडखळतो. बोट अजून उचललेलेच आहे, फक्त सैतानाकडे वळले आहे. मी लहान होतो, भूक लागली होती, दुष्काळ होता, हे मी वर लिहिले आहेच. वाचकांनी ते सहानुभूतीने वाचले असेल. म्हणून पुढची गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी लहान असतानाची नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीला गावी निघालो होतो. माळीवाड्याच्या स्टँडवर गर्दी होती. कोणीतरी बाही ओढली. वळून पाहिले तर मावशी. पाठीत वाकलेली, डोळ्यांवर जाड काचा.

"वळखलं का रं?" ती म्हणाली. "तुझ्या आज्जीवानी नाक हाय तुझं."

मी वाकून नमस्कार केला. तिने आजीची विचारपूस केली. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्याचे सांगितले, तेव्हा पदर डोळ्यांना लावला. "लई जीव लावायची मला," म्हणाली. मग पिशवीत हात घालून तिने कागदाची पुडी काढली. गूळ आणि शेंगदाणे. "खा. लांबची वाट हाय."

तोवर मी जंतूंवर शिकलो होतो, सेलमवर वाचले होते, वसतिगृहात रात्र-रात्र जागून अंधश्रद्धेवर वाद घातले होते. पुडी मी दोन्ही हातांनी घेतली. "कशाला, मावशी," म्हणालो.

"आता खा की."

"गाडीत खातो," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिची श्रीगोंद्याची गाडी लागली, मी तिची पिशवी आत ठेवून दिली, खिडकीतून तिने हात हलवला. मग माझी गाडी लागली. भूक लागलेली होती. पुडी खिशात होती. गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हाही ती खिशातच होती.