आजीचा प्रश्न आणि गीतेतलं ‘म्हणून’



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या श्लोकावर. खरं सांगायचं तर हे तीन श्लोक मी वर्षभर टाळत होतो. रोजच्या वाचनात ते आले की सरळ पुढे जायचो. आज थांबतो.

आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन एका दमात सात प्रश्न विचारतो. ब्रह्म म्हणजे काय, अध्यात्म म्हणजे काय, कर्म म्हणजे काय... आणि सातवा प्रश्न असा की, मन आवरलेली माणसं देह सोडायच्या वेळी तुला कशी ओळखतात? गंमत बघा, पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं भगवंत दोन श्लोकांत देतात. सातव्यासाठी मात्र जवळजवळ अख्खा अध्याय. म्हणजे कुरुक्षेत्रावर उभ्या असलेल्या माणसाला ब्रह्माच्या व्याख्येपेक्षा मरणाचं उत्तर जास्त हवं होतं, हे देवाला कळलं होतं.

पाचवा श्लोक सांगतो, शेवटी माझी आठवण ठेवून जो देह सोडतो तो माझ्याकडेच येतो. सहावा सांगतो, शेवटी मनात जो भाव, तशी पुढची गती. इथपर्यंत वाचलं की माझ्या पोटात गोळा यायचा. कारण सांगतो.

माझे आजोबा खांबचे. मुंबई-गोवा हायवेवर नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे आमचं गाव. आजोबांच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. भाताची शेती, एकादशी, रात्री देवळात हरिपाठ, कार्तिकात आळंदी. त्यांचं आयुष्य एवढ्या चार शब्दांत मावतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनिया झाला. मीच हट्ट करून त्यांना मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? बाबांनी माझ्याकडे बघितलं. “तू शिकलेला आहेस, तूच सांग.” मी हो म्हटलं.

तो निर्णय चूक होता का, मला अजून कळत नाही. न्यूमोनिया बराही होतो. पण आजोबा शुद्धीवर असताना आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारलं नव्हतं, “तुम्हाला काय हवंय?” ते दोनदा म्हणाले होते, “मला घरी न्या.” आम्ही ते आजारी माणसाचं बोलणं समजलो.

सहाव्या संध्याकाळी भेटायची वेळ पंधरा मिनिटांची होती. त्याच रात्री आमचं रिलीज होतं. मी कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉलवर होतो. आत गेलो तेव्हा चार मिनिटं उरली होती. ती चार मिनिटं मी मॉनिटरवरचे आकडे बघितले. ऑक्सिजन किती, बीपी किती. आजोबांकडे बघितल्याचं मला आठवत नाही. पहाटे तीनला फोन आला.

दहाव्याला कावळा शिवला, पाहुणे जेवून गेले. संध्याकाळी आजी ओटीवर बसली होती. मला जवळ बोलावून तिने विचारलं, “शेवटी नाव आलं का रे त्यांच्या तोंडी?”

मी म्हटलं, “आजी, घशात नळी होती. झोपेचं औषध चालू होतं. बोलताच येत नव्हतं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना येत नव्हतं. पण तू होतास ना? कानात घ्यायचंस.”

रागाने नाही म्हणाली. म्हणूनच ते वाक्य अजून जात नाही.

आता सहाव्या श्लोकाकडे परत येऊ. आपण सगळे त्याचा अर्धा भागच लक्षात ठेवतो. त्याच्या शेवटी एक अट आहे. शेवटचा भाव ऐनवेळी निवडता येत नाही. ज्या भावात माणूस कायम मुरलेला असतो, तोच शेवटी वर येतो. भागवतातला राजा भरत आठवा. राज्य सोडून अरण्यात गेला, आणि आईवेगळ्या हरणाच्या पाडसात जीव गुंतला. मरताना डोळ्यांसमोर पाडसच होतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. त्याने शेवटच्या क्षणी काही चुकीचं केलं नव्हतं. रोज जे केलं तेच त्या क्षणी आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, टेस्टिंगमध्ये जे कधी चालवलंच नाही ते प्रॉडक्शनवर नीट चालेल अशी आशा आपण करत नाही. मरण हे असं रिलीज आहे, ज्याची तारीख आधी कळत नाही.

आणि मग सातवा श्लोक. तो ‘म्हणून’ या शब्दाने सुरू होतो. म्हणून सर्व काळी माझं स्मरण कर, आणि लढ. हे ‘म्हणून’ मला फार उशिरा दिसलं. मरणाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर देव मरणाच्या घडीला बांधत नाही, आजच्या दिवसाला बांधतो. स्मरणही कर आणि समोरचं कामही सोडू नकोस.

या श्लोकांवर बोलणारा आणि तसंच जगून दाखवणारा एक माणूस आमच्या शेजारच्या तालुक्यातला आहे. विनोबा भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, पेण तालुक्यातलं गागोदे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आठव्या अध्यायाच्या प्रवचनाचं नाव आहे ‘प्रयाण-साधना : सातत्ययोग’. नावातच सगळं आलं. प्रयाणाची साधना म्हणजे सातत्य.

पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. काही दिवसांनी त्यांनी औषध, अन्न, पाणी घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. हे वाचून कुणी आजारपणात औषध सोडू नये, आणि जगण्याला कंटाळलेल्या कुणी यात स्वतःसाठी वाट तर मुळीच शोधू नये. आयुष्यभराचं काम पुरं करून वृद्धापकाळी निरोप घेणाऱ्याची ती गोष्ट आहे. आपल्यासाठी त्यातले शेवटचे आठवडाभराचे दिवस महत्त्वाचे नाहीत, आधीची पन्नास वर्षं आहेत. त्यात तेरा वर्षांहून जास्त काळ पायी चाललेली भूदान यात्राही आली. स्मरण आणि लढणं, दोन्ही.

पण मग विनोबांसारखं शांतपणे, शुद्धीत ज्याला जाता येत नाही त्याचं काय? अपघातात जाणाऱ्याचं, नळीखाली झोपलेल्या माझ्या आजोबांचं काय? मला वाटतं, त्यांच्यासाठीच ते ‘म्हणून’ आहे. शेवटचा क्षण कुणाच्याच हातात नसतो, हे देवाला माहीत आहे. म्हणून त्याने तो क्षण आयुष्यभराच्या दिवसांवर सोपवला. सत्तर वर्षं रोज म्हटलेला हरिपाठ काही दिवसांच्या झोपेच्या औषधाने पुसला जाईल, असं मी मानत नाही. आजोबांची चिंता आता मला वाटत नाही.

माझी वाटते. कारण ‘सर्व काळी’ हे फक्त मरणाऱ्याला सांगितलेलं नाही. ती पंधरा मिनिटंही ‘सर्व काळी’मध्येच येत होती. तिथे परीक्षा माझी होती. मी कामाला ‘लढ’ समजलो आणि स्मरण विसरलो. श्लोक वाचून हे ओझं उतरलं, असं खोटं सांगणार नाही. पण त्याने मला काय करायचं ते सांगितलं.

म्हणून आजचा अभ्यास असा. पहिलं, रात्री झोपताना पाच मिनिटं नाम. झोप हे रोजचं छोटं प्रयाण आहे, सराव तिथेच होतो. दुसरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला या रविवारी विचारा, “वेळ आली तर तुम्हाला काय हवंय, कुठे राहायचंय?” विचारायला अभद्र वाटेल. मलाही वाटलं असतं. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशी इच्छा आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला आहे. निदान तोंडी तरी विचारा. तिसरं, कुणाच्या उशाशी बसायची वेळ आली तर फोन बाहेर ठेवा, आकडे डॉक्टरांना बघू द्या, आणि कानाशी वाका.

मी आजीला विचारलं. ती म्हणाली, “मला इथेच, या ओटीवर. आणि तू ये.” आता दर दुसऱ्या शनिवारी मी खांबला जातो. संध्याकाळी तिच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणतो. तिला ऐकू कमी येतं, म्हणून कानाशीच म्हणावा लागतो.

राम कृष्ण हरी.