ग्रंथश्रवण आणि अवधान

ग्रंथ वाचावा कीं ऐकावा, हा प्रश्न आपल्या पणजोबांना पडलाच नसता. पोथी ही ऐकण्याचीच वस्तु होती. घरांतील एकानें ती चौरंगावर ठेवून वाचावी आणि बाकीच्यांनीं ऐकावी, असा परिपाठ होता. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्याही कानांवर ज्ञानेश्वरी, दासबोध, हरिविजय हे ग्रंथ जन्मभर पडत असत. पुढें छापखाने आले, शाळा आल्या, प्रत्येकाच्या हातीं स्वतःचें पुस्तक आलें, आणि मनांतल्या मनांत वाचणें हेंच काय तें खरें वाचन, अशी आपली समजूत होऊन बसली. आतां ध्वनिमुद्रित ग्रंथ, ज्यांना ऑडिओबुक म्हणतात ते, खिशांतल्या मोबाइलमधून कानाशीं बोलूं लागले आहेत, आणि पूर्वजांना न पडलेला तो प्रश्न आपल्या दारांत येऊन उभा राहिला आहे. ‘मीं हा ग्रंथ वाचला’ असें म्हणणाऱ्या गृहस्थाला ‘वाचला कीं ऐकला?’ असें कोणी विचारलें म्हणजे तो थोडासा ओशाळतो. या ओशाळेपणाला कांहीं आधार आहे काय, हें येथें पाहावयाचें आहे.

मूकवाचनाची रीत आपल्याला जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती सर्वांना सर्वकाळ वाटलेली नाहीं. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यानें आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथांत मिलानचा बिशप अँब्रोज याचें एक स्मरणचित्र रेखाटलें आहे. अँब्रोज वाचीत असतां त्याचे डोळे पानावरून फिरत, पण जीभ व आवाज स्वस्थ असत. हें दृश्य ऑगस्टीनला नोंद करण्याजोगें वाटलें, आणि त्याचीं कारणें शोधावींशीं वाटलीं. घसा जपण्यासाठीं तो असें करीत असेल. किंवा मोठ्यानें वाचल्यास जवळचा एखादा श्रोता कठीण स्थळाचा अर्थ विचारून वेळ घेईल, म्हणून तो गप्प वाचीत असेल, असे तर्क त्यानें केले. दुसऱ्या तर्कांत मोठें मर्म आहे. मोठ्यानें वाचणारा मनुष्य आपलें वाचन इतरांच्या स्वाधीन करतो. मूकवाचक तें स्वतःपाशीं ठेवतो. मूकवाचनानें आपल्याला एकांत दिला हें खरें. परंतु शेजारीं बसलेल्याला मध्येंच प्रश्न विचारण्याची जी मोकळीक होती, तीही त्याच वेळीं गेली.

यंत्रानें बोलणाऱ्या पुस्तकाचा जन्म आळसांतून झालेला नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. १८७७ सालीं एडिसननें ध्वनिमुद्रणाचें यंत्र सिद्ध केलें, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या उपयोगांची जी यादी त्यानें प्रसिद्ध केली तींत अंधांसाठीं बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख होता. ही कल्पना व्यवहारांत यावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९३५ सालीं ब्रिटनमध्यें अंधांसाठीं तबकड्यांवर ग्रंथ निघूं लागले. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांची गरज हें त्यामागचें एक मोठें कारण होतें. आरंभींच्या ग्रंथांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनराडची ‘टायफून’ ही कथा होती. तबकडीची एक बाजू सुमारें २५ मिनिटांत संपे, म्हणून एका कादंबरीला तबकड्यांचा ढीग लागे. २००५ सालीं सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमांत स्वयंसेवक स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथ कांहीं मोबदला न घेतां वाचून दाखवितात. आतां मराठी ग्रंथही मोठ्या संख्येनें कानांपर्यंत पोहोंचूं लागले आहेत. युद्धांत आंधळ्या झालेल्या त्या सैनिकानें ऐकलेली कादंबरी ही अर्धीच कादंबरी होती, असें म्हणण्याचें धाडस कोण करील? मग जें त्याच्या बाबतींत पूर्ण वाचन ठरतें तें डोळस माणसाच्या बाबतींत अपुरें ठरण्याचें कारण इंद्रियांत असूं शकत नाहीं. तें असेल तर ऐकण्याच्या पद्धतींत असलें पाहिजे.

डोळा आणि कान यांच्या स्वभावांत मात्र एक भेद आहे. पान आपल्यासाठीं थांबतें. आवाज थांबत नाहीं. वाचक हा ग्रंथाचा यजमान असतो: नको तें वर्णन तो ओलांडतो, अप्रिय पान भरभर उलटतो, आवडलेल्या वाक्यावर रेंगाळतो. श्रोता हा पाहुण्यासारखा. पानांत पडेल तें त्यानें पडेल त्या क्रमानें घ्यावें. टॉल्स्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यु’ ही १८८६ सालची दीर्घकथा मीं प्रथम वाचली आणि पुष्कळ वर्षांनीं ऐकली. वाचतांना तिच्या अखेरच्या भागावरून नजर कशी पुढें पुढें सरकते, हें ऐकतांना कळलें. तीन दिवस अखंड ओरडणाऱ्या त्या मरणोन्मुख न्यायाधिकाऱ्याजवळून डोळा चार ओळींत निसटून जाऊं शकतो. कानाला तशी पळवाट नाहीं. वाचणारा जितका वेळ त्या खोलींत थांबतो तितका वेळ श्रोत्यालाही थांबावें लागतें. दुसऱ्याच्या दुःखाजवळ, आपल्या सोयीनें नव्हे तर त्याच्या गतीनें, थांबणें याला नीतिदृष्ट्या कांहीं किंमत असेल, तर ती किंमत श्रवणांत अधिक सहज पदरीं पडते.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. आजचा श्रोता पोथी ऐकणाऱ्यासारखा हात जोडून बसलेला नसतो. तो भाजी चिरीत असतो, कपडे वाळत घालीत असतो, लोकलच्या गर्दींत उभा असतो. एका माणसाच्या मरणाची कहाणी एका कानानें ऐकावी आणि हातानें दुधीभोपळा किसावा, यांत त्या मरणाचा अनादर नाहीं काय? टॉल्स्टॉयच्या कथेचा आरंभच या प्रश्नाला येऊन भिडतो. इव्हान इलिच गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत वाचतांच त्याच्या सहकाऱ्यांच्या मनांत प्रथम येते ती बढती नि बदली. मग येतो तो सुटकेचा निःश्वास कीं, मेला तो, आपण नव्हे. त्यांतला एक जण प्रेताचें दर्शन घेऊन त्याच संध्याकाळीं पत्ते खेळावयास जातो. पण नीट पाहिलें तर आपल्या लक्षांत येईल कीं, या मंडळींचे हात त्या क्षणीं रिकामेच होते. वर्तमानपत्र त्यांनीं डोळ्यांनीं, सावकाशीनें वाचलें होतें. व्यग्र होतें तें त्यांचें मन. उलट, त्या घरांत ज्या एकाच माणसाला आजाऱ्याचें दुःख खरोखर कळलें तो गेरासिम हा नोकर सदा कामांत असे. तो घाण साफ करी, आणि धन्याला बरें वाटावें म्हणून त्याचे पाय रात्र रात्र आपल्या खांद्यांवर धरून बसे. हात गुंतल्यानें अवधान मोडतें हें खरें नाहीं. जात्यावर दळतां दळतां ओव्या गाणाऱ्या बायकांच्या देशांत तरी हें कोणी सांगावयास नको. हाताचें काम जुनें व सवयीचें असेल तर तें मनाला मोकळें सोडतें. अवधान मोडतें तें दुसऱ्या विचारानें. आणि तो विचार पुस्तक समोर उघडें ठेवून बसलेल्या माणसाच्याही मनांत खुशाल येऊं शकतो.

श्रवणाचा खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. आवाज हा पटवून देणारा असतो. प्लेटोनें लिहिलेलें सॉक्रेटिसाचें न्यायासनापुढील भाषण हें मुळांत ऐकण्यासाठींच होतें, इ. स. पूर्व ३९९ मध्यें अथेन्सच्या कांहींशें नागरिकांनीं पंच म्हणून बसून सॉक्रेटिसाला ऐकलें आणि दोषी ठरविलें. तें भाषण कानांनीं ऐकतांना श्रोता नकळत त्या पंचांच्या बांकावर जाऊन बसतो, आणि हा मान पुस्तक वाचतांना तितकासा लाभत नाहीं. पण सॉक्रेटिसाचें पहिलेंच सांगणें असें कीं, फिर्यादी इतकें गोड बोलले कीं आपण कोण आहों याचा त्याला स्वतःलाच विसर पडावयाची वेळ आली! कान असा भोळा असतो. वाचतांना ‘हें कसें?’ असें म्हणून आपण बोट ठेवतों आणि मागल्या पानाकडे जातों. ऐकतांना तो ‘हें कसें?’ ओठांवर येतो न येतो तोंच आवाज चार पावलें पुढें गेलेला असतो. ‘फिड्रस’ या संवादांत सॉक्रेटिसानें लेखनालाच दोष दिला आहे: लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा पुन्हा तेंच सांगतो. मुद्रित आवाजाला हा दोष दुप्पट लागू पडतो. त्याला मनुष्याचा स्वर आहे, म्हणून तो उत्तर देईल असें वाटतें. आणि तो देत नाहीं.

हाच अनुभव रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याचें चिंतन ऐकतांना निराळ्या रीतीनें येतो. दुसऱ्या शतकांतल्या या राजानें तीं टिपणें ग्रीक भाषेंत स्वतःसाठीं लिहिलीं, त्यांतलीं कांहीं तर लढाईच्या मुक्कामावर. त्यांतला ‘तूं’ म्हणजे तो स्वतः. सकाळीं अंथरुणांतून उठावयाचा कंटाळा आला तर मनाची समजूत कशी घालावी, हें तो सम्राट स्वतःलाच सांगतो आहे. एखाद्या कसलेल्या नटाच्या भारदस्त आवाजांत तेंच ऐकलें कीं तो ‘तूं’ आपल्यावर उगारल्यासारखा वाटतो, आणि आत्मपरीक्षणाचें प्रवचन होऊन बसतें. एका हौशी स्वयंसेवकाच्या, जरा अडखळणाऱ्या, साध्या आवाजांत मला तें अधिक खरें वाटलें. तो वाचणारा जणूं स्वतःलाच बजावीत होता, आणि मी केवळ शेजारच्या खोलींत होतों.

यावरून वाचणाऱ्याचा प्रश्न निघतो. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईनें म्हणणारा, डोकें हलविणारा, लिहिलेलें पाहून म्हणणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण कंठाचा. यांतले दोन आज विचार करण्याजोगे आहेत. घाईचा दोष पूर्वीं पाठकाचा होता; आतां तो श्रोत्याच्या हातीं आला आहे, कारण यंत्राची कळ दाबून दीडपट वेगानें ग्रंथ ऐकतां येतो. दहा तासांचा ग्रंथ सात तासांत उरकला, हें समाधान हिशेबनिसाचें आहे. ज्या गतीला शरण जाण्यांत श्रवणाचें मूल्य होतें ती गतीच त्यांत नाहींशी होते.

अर्थ न जाणणाऱ्या पाठकाची हकीकत अधिक करुण आहे. कवि मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला. त्याचा भाचा व चरित्रकार एडवर्ड फिलिप्स यानें लिहून ठेवलें आहे कीं, मिल्टननें आपल्या दोन मुलींना अनेक भाषांतील ग्रंथ नुसते उच्चारून वाचावयास शिकविलें, आणि अर्थ न कळतां त्या तासन्तास बापाला वाचून दाखवीत. बापाला ग्रंथ मिळाले, मुलींना केवळ शीण मिळाला. ही गोष्ट आठवली म्हणजे यंत्रानें निर्माण केलेल्या हल्लींच्या आवाजाला मी सरसकट नांवें ठेवूं शकत नाहीं. तोही अर्थ न जाणणाराच पाठक. पण तो थकत नाहीं, आणि त्याच्यावर अन्याय होत नाहीं. ज्या वृद्ध स्त्रीचे डोळे गेले आहेत तिला कोणाचें तोंड न पाहतां, हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळीं ऐकतां येणें ही लहान मुक्ति नव्हे. मात्र अन्यायाबरोबर तेथें सोबतही नाहींशी झालेली असते. कठीण स्थळीं ‘म्हणजे काय रे?’ असें तिनें ज्याला विचारावें असा त्या आवाजांत कोणी नसतो.

तेव्हां ओशाळण्याचें कारण ऐकण्यांत नाहीं. आपल्या परंपरेनें श्रवणाला नवविधा भक्तींत पहिलें स्थान दिलें. नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानेश्वरांनीं श्रोत्यांपाशीं मागितलें तें अवधानच. परंतु याज्ञवल्क्यानें मैत्रेयीला उपदेश केला तेव्हां तो श्रवणापाशीं थांबला नाहीं. त्यापुढें मनन आणि निदिध्यासन यांच्या पायऱ्या त्यानें सांगितल्या. पुराणिक पोथी बांधून उठला म्हणजे श्रोते घरीं जात, आणि ती अंधारांतली वाट हेंच त्यांचें मनन असे. आजचें यंत्र एक अध्याय संपतांच दुसरा आपोआप सुरू करतें. पोथी बांधण्याचें काम त्यानें आपल्यावर सोपविलें आहे. तें आपण केलें नाहीं तर शंभर ग्रंथ कानांवरून जातील आणि एकही मनांत उतरणार नाहीं. आणि मग तो उथळपणा ग्रंथांच्या नांवावर खपविण्याची सोय मात्र होईल.

माझ्या मतें याला उपाय साधा आहे. एकट्यानें ऐकावयाचें तर अध्यायाच्या शेवटीं यंत्र बंद करून, ऐकलें तितक्याच्या निदान चौथाई वेळ गप्प राहावें. आणि घरांत चार माणसें असतील तर आठवड्यांतून एखादी संध्याकाळ एकच ग्रंथ सर्वांनीं मिळून ऐकावा, आणि ज्याला शंका येईल त्यानें तो खुशाल थांबवावा. अँब्रोजच्या शेजारीं बसलेल्या श्रोत्याची हरवलेली मोकळीक एवढ्यानें परत मिळते. मग ‘वाचला कीं ऐकला?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज राहात नाहीं. कोणत्या ठिकाणीं थांबलां आणि कां, एवढें सांगतां आलें म्हणजे पुरें.